आधी चाल मोजा: मेंदूतल्या पाण्याचं तासगावकडचं एक प्रकरण

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय 71. त्यांना इथे आप्पा म्हणते. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, पण आजाराचा क्रम आणि चाचण्यांची गोष्ट जशी घडली तशीच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली-मिरज भागात काम करते. मेंदूत साचलेल्या पाण्याचं ऑपरेशन मी करत नाही, पण ते करायचं की नाही हे ठरवताना रुग्णाची चाल मोजायला मला बोलावतात. हे प्रकरण मुख्यतः त्या मोजमापाचं आहे.

आप्पांचा त्रास अडीच वर्षांपूर्वी पायांपासून सुरू झाला. हे सुरुवातीलाच ठळकपणे सांगते, कारण पुढचं सगळं निदान याच क्रमावर उभं आहे. आधी बागेतून यायला उशीर होऊ लागला. मग सरीतून चालताना तोल जायला लागला, म्हणून हातात काठी आली. चप्पल पायात टिकेना, दोन पावलांत मागे राहून जायची. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी लघवीची घाई सुरू झाली. "लागली" म्हणेपर्यंत धोतर ओलं व्हायचं, कारण घाई असली तरी पाय उचलत नव्हते. विसरणं सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही नेहमीच्या विसरण्यासारखं नव्हतं. नातवंडांची नावं, शेताचे गट नंबर, कुणाचं किती देणं हे सगळं त्यांना आठवायचं. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागायचा. कशात रस उरला नव्हता. टीव्हीसमोर बसले की बसलेच.

या अडीच वर्षांत तीन वेगवेगळे उपचार झाले, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी अगदीच चूक नव्हता. गुडघ्यांचा एक्स-रे काढला, झीज दिसली, गोळ्या आणि पट्टे मिळाले. लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. मग चाल पाहून पार्किन्सनची शंका आली आणि तीन महिने त्याचं औषध पुरेशा डोसमध्ये देऊन पाहिलं. फरक शून्य. गुडघा, मूत्राशय आणि मेंदू असे तीन कप्पे पडले. तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या आहेत, एकापाठोपाठ आल्या आहेत, हे कागदावर सलग कुणी मांडलंच नाही. घरात तर एकच वाक्य होतं: वय झालं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाबाबत हे वाक्य इतकं सहज येतं की त्यापुढे कुणी काही विचारत नाही, आणि मला त्याचीच चीड येते.

आप्पांची सून त्यांना घेऊन आली. तिने मोबाईलवर त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ काढून आणला होता. स्वयंपाकघरातून देवघराकडे जाताना उंबरठ्यापाशी ते थांबतात, पाय जागच्या जागी थरथरल्यासारखे हलतात, पण पुढे पडत नाहीत. ती मागून म्हणते, "मामा, उचला की पाय." ते म्हणतात, "उचलाय बघतूय गं, भुईला चिकटल्यावानी हुतंय." हा वीस-बावीस सेकंदांचा व्हिडिओ सगळ्या फायलींपेक्षा जास्त बोलत होता.

तपासताना मी काय पाहिलं ते सांगते. दोन पायांतलं अंतर जास्त, पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले. पाऊल जमिनीपासून जेमतेम बोटभर उचललं जायचं, तळवा फरशीवर घासत जायचा. जागेवर मागे वळायला सांगितलं तर नऊ बारीक पावलं घेतली, एखादा जड खांब कडेकडेने सरकवावा तशी. हात मात्र चालताना बऱ्यापैकी हलत होते, चेहरा बोलका होता, बसल्या हाताला कंप नव्हता. पार्किन्सनच्या रुग्णापुढे फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या की बहुतेकदा पाऊल लांब पडतं. आप्पांना त्या पट्ट्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पलंगावर आडवं करून "सायकल चालवा" म्हटलं, तेव्हा दोन्ही पाय छान फिरले. म्हणजे पायांत ताकद होती. जमिनीवर उभं राहून ती ताकद चालण्यात उतरवणं, तेवढं हरवलं होतं.

न्यूरोफिजिशियननी एमआरआय सांगितला. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या फुगलेल्या होत्या. पुढच्या पोकळ्यांची रुंदी आणि कवटीची आतली रुंदी यांचं गुणोत्तर, ज्याला इव्हान्स इंडेक्स म्हणतात, 0.37 आलं. 0.3 च्या वर गेलं की पोकळ्या मोठ्या मानतात. पण म्हातारपणी मेंदू आक्रसतो तेव्हाही पोकळ्या मोठ्या दिसतात, त्यामुळे एवढ्यावर काही ठरत नाही. फरक दुसऱ्या ठिकाणी होता. मेंदू आक्रसला तर सगळीकडच्या खाचा रुंदावतात. आप्पांच्या फोटोत डोक्याच्या माथ्याकडच्या खाचा उलट दाबून बंद झालेल्या होत्या आणि कानशिलाकडची फट मात्र रुंद होती. पाणी बरोबर वाटलं जात नाही, एकीकडे साचतंय, असा त्याचा अर्थ.

हे पाणी म्हणजे मस्तिष्कमेरुद्रव, रोजच्या बोलण्यात सीएसएफ. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे चोवीस तासांत ते तीन-चार वेळा बदललं जातं. आतल्या पोकळ्यांत तयार व्हायचं, अरुंद वाटांनी बाहेर यायचं, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरायचं आणि शेवटी रक्तात शोषलं जायचं. या शोषण्यात किंवा फिरण्यात बिघाड झाला की पोकळ्या हळूहळू ताणल्या जातात. पायांच्या आणि लघवीच्या नियंत्रणाचे तंतू त्या पोकळ्यांच्या अगदी कडेने जातात, म्हणून आधी चाल जाते, असं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण दिलं जातं. चालणं आखणाऱ्या पुढच्या मेंदूतल्या जोडण्याही यात सापडतात. सुई घालून दाब मोजला तर तो बहुधा सामान्यच येतो. म्हणून या आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, थोडक्यात एनपीएच, म्हणतात.

कोलंबियातले न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांनी तो पहिल्यांदा नीट ओळखला. 1957 मध्ये बोगोटात अपघातात सापडलेला सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्यापुढे होता. पोकळ्या फुगलेल्या, दाब मात्र सामान्य. तपासणीपुरतं थोडं पाणी काढलं आणि मुलगा सुधारायला लागला. 1964 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला आणि 1965 मध्ये रेमंड अ‍ॅडम्स वगैरे सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. साठ वर्षं झाली त्याला. तरी आपल्याकडे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत हे नाव पोहोचायला अजूनही अडीच वर्षं लागतात.

आता पुढची पायरी टॅप टेस्ट. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून 30 ते 50 मिलिलिटर पाणी काढायचं आणि चाल सुधारते का ते बघायचं. सुधारली तर कायमची वाट करून देणारं, म्हणजे शंटचं, ऑपरेशन उपयोगी पडायची शक्यता वाढते.

घोडं अडलं ते इथे. आप्पांच्या मंडळी, म्हणजे मावशी, ठाम होत्या. "ह्यांच्या पाठीत सुई नगं. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतोय." ही भीती आमच्या भागात घराघरांत आहे. तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. मेंदूज्वराने अत्यवस्थ झालेल्या माणसाच्या पाठीतून शेवटच्या घटकेला पाणी काढलेलं लोकांनी पाहिलेलं असतं, आणि नंतर जे झालं ते आजाराने झालं की सुईने, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. मी मावशींना पाठीच्या हाडांचं मॉडेल दाखवलं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे जाते. तिथे फक्त पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या नसा असतात. तरी त्यांचं समाधान झालं नाही. मग मी सुनेकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं सिझर झालं तेव्हा भूल कुठे दिली होती?" सून म्हणाली, "आत्ती, कमरेतच की. तुम्हीच तर मला धरून बसवलं हुतं." तीच जागा, तशाच प्रकारची सुई. त्यावर मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग "बरं, पण मी हितंच थांबणार" म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट आड येत होती. चार वर्षांपूर्वी आप्पांच्या हृदयात स्टेंट बसवला होता आणि रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेलची गोळी चालू होती. ती चालू असताना मणक्यात सुई घातली तर आत रक्तस्राव होऊन नसा दाबल्या जाऊ शकतात. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती गोळी एक आठवडा बंद ठेवली. घरच्यांनी आपल्या मनाने कधीच बंद करायची नाही, हे मी दोनदा सांगितलं. स्टेंट असलेल्याने असं केलं तर जिवावर बेतू शकतं.

चाचणी कशी केली हे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते बहुतेक ठिकाणी ती इथेच वाया जाते. पाणी काढतात, आणि दुसऱ्या दिवशी राउंडला "काय, बरं वाटतंय का?" असं विचारून निकाल लावतात. रुग्ण डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून "वाटतंय" म्हणतो, किंवा कमरेत दुखतंय म्हणून "न्हाई" म्हणतो. दोन्ही उत्तरांवर डोक्यात नळी घालायची की नाही हे ठरवणं मला भयंकर वाटतं.

वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर चिकटपट्टीने 10 मीटरचं अंतर आखलं. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जास्तीची जागा ठेवली, म्हणजे निघताना आणि थांबताना मंदावलेला वेग मोजणीत येत नाही. अनवाणी, काठीशिवाय, मी बाजूला हात न लावता. तीन फेऱ्यांची सरासरी. एकाने सेकंद मोजायचे, दुसऱ्याने पावलं, आणि दोघांनी आकडे एकमेकांना न सांगता लिहायचे. शिवाय खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायची वेळ, जागेवर वळायला लागणारी पावलं आणि स्मरणशक्तीची चाचणी. सगळ्याचा व्हिडिओ.

पाणी काढण्याआधी 10 मीटरला 24 सेकंद आणि 36 पावलं लागली. म्हणजे एक पाऊल जेमतेम 28 सेंटिमीटरचं, वीतभराहून थोडं जास्त. खुर्चीची चाचणी 31 सेकंद. वळायला नऊ पावलं. स्मरणशक्ती 30 पैकी 17.

सुई घातल्यावर दाब, पाण्याच्या उंचीत मोजून, 14 सेंटिमीटर आला, म्हणजे सामान्य. 40 मिलिलिटर स्वच्छ पाणी काढलं. त्यातलं थोडं प्रयोगशाळेत गेलं. क्षयाने होणाऱ्या मेंदूज्वरातही पाणी साचतं आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही, म्हणून पेशी, साखर, प्रथिनं हे सगळं पाहायलाच हवं. सगळं ठीक आलं.

तीन तासांनी त्याच पट्टीवर, त्याच पद्धतीने: 17 सेकंद, 27 पावलं. वळायला पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी 18 सेकंद. स्मरणशक्ती 18, म्हणजे तिथे फरक नाही असंच धरायचं. आप्पांना स्वतःला विचारलं तर म्हणाले, "काय इशेष न्हाई." व्हिडिओ मात्र शेजारी शेजारी लावले तेव्हा त्यांचा मुलगा पुढे झुकून पाहतच राहिला. चौथ्या दिवशी चाल पुन्हा पहिल्यासारखी झाली. हेही अपेक्षितच होतं, काढलेलं पाणी परत भरतं. सुधारून परत बिघडणं हाही एक पुरावाच आहे.

टॅप टेस्टची एक मर्यादा सांगायला हवी. सुधारणा दिसली नाही म्हणून शंटचा उपयोग होणारच नाही असं नसतं. अशा वेळी शंका दाट असेल तर कमरेत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थोडं थोडं पाणी सोडून पुन्हा चाल पाहतात. आप्पांना त्याची गरज पडली नाही.

ऑपरेशनबद्दल मुलाचे प्रश्न नेमके होते. उजव्या बाजूला कवटीला छोटं भोक, तिथून पोकळीत नळी, कानामागे कातडीखाली व्हॉल्व्ह, आणि पुढे मान-छातीच्या कातडीखालून पोटात. पोटातलं आवरण ते पाणी शोषून घेतं. मुलाने विचारलं, "ठिबकचा व्हॉल्व्ह जसा दाब बघून उघडतो तसंच का?" अगदी तसंच. तो व्हॉल्व्ह घडवणाऱ्यांत जॉन होल्टर नावाचा फिलाडेल्फियातला एक तंत्रज्ञ होता. डॉक्टर नव्हे. 1956 च्या सुमारास डोक्यात पाणी साचलेल्या आपल्या बाळासाठी तो खटपट करत होता. हे ऐकून मुलाला जरा धीर आला असं मला वाटलं.

साधा ठरावीक दाबाचा व्हॉल्व्ह काही हजारांत मिळतो. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा प्रोग्रामेबल व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी पट महाग. सरकारी योजनेत किंवा विम्यात कोणता बसतो, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारून घ्यावं. या घराने बेदाण्याचे पैसे आले तेव्हा प्रोग्रामेबल घेतला. पुढे जे झालं ते पाहता तो निर्णय योग्य ठरला. पण ज्यांना परवडत नाही त्यांना साध्या व्हॉल्व्हनेही फायदा होतो, हेही तितकंच खरं.

शंटने खरंच चाल सुधारते की ऑपरेशन झाल्याच्या समाधानाने, हा प्रश्न बरीच वर्षं रेंगाळत होता. 2025 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या चाचणीने त्याला चांगलं उत्तर दिलं. 99 रुग्णांना, सगळ्यांनाच, प्रोग्रामेबल शंट बसवला. निम्म्यांचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला, निम्म्यांचा इतक्या उंच दाबावर लावला की तो जवळजवळ बंदच. कुणाचा कसा आहे हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. तीन महिन्यांनी उघड्या व्हॉल्व्हवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी 0.23 मीटरने वाढला, बंदवाल्यांचा 0.03 ने. पडण्याचं प्रमाणही उघड्या गटात कमी होतं. स्मरणशक्ती आणि लघवीच्या बाबतीत मात्र तीन महिन्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. मेंदूभोवती रक्त साचण्याचा धोका उघड्या गटात जास्त होता. मी हे आकडे घरच्यांना जसेच्या तसे सांगितले. "चाल सुधारेल असं वाटतं. विसरणं सुधारेलच असं धरून चालू नका." आधी मोठी आशा लावायची आणि नंतर "वय आहे हो" म्हणायचं, यात रुग्णाची फसवणूक होते.

ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत, तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये. नळीने पाणी वाटेला लागलं तरी अडीच वर्षांत विसरलेली चाल आपोआप येत नाही, म्हणून रोज व्यायाम: मोठं पाऊल, मोठं वळण, खुर्चीतून हात न टेकता उठणं, बारीक अडथळा ओलांडणं.

सहाव्या आठवड्यात सुनेचा फोन आला. उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. मी लगेच सर्जनकडे पाठवलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा पातळ थर दिसला. पाणी गरजेपेक्षा जास्त निघत होतं. मेंदू आत ओढला गेला की वरच्या रक्तवाहिन्या ताणतात आणि तुटल्या तर तिथे रक्त साचतं. आप्पांची रक्त पातळ करायची गोळी लक्षात घेता हा धोका कागदावरचा नव्हता. सर्जननी कानामागे यंत्र धरून व्हॉल्व्हचा दाब 120 वरून 150 मिलिमीटरवर नेला. सुई नाही, टाका नाही, पाच मिनिटांचं काम. साधा व्हॉल्व्ह असता तर कदाचित पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं. तीन आठवड्यांनी थर गेला होता. चाल किंचित मंदावली, पण डोकं दुखायचं थांबलं.

सहा महिन्यांनी त्याच 10 मीटरला 15 सेकंद आणि 23 पावलं. आधी 24 सेकंद आणि 36 पावलं होती. वळायला चार. घरात काठी लागत नाही, बागेत लागते, आणि ती सोडायचा आग्रह मी धरणार नाही. दिवसा संडासापर्यंत वेळेत पोहोचतात, रात्री अजून कधी कधी जमत नाही, म्हणून पलंगाजवळ भांडं आहे. स्मरणशक्ती 19. बोलण्यातला मंदपणा कमी झालाय असं सून म्हणते, मला तो आकड्यात दिसत नाही. पुढे विसरणं वाढलं तर अल्झायमर्सची तपासणी करावी लागेल. या वयात दोन्ही आजार एकत्र असणं अजिबात नवल नाही, आणि शंट त्यावर उपाय नाही.

घरच्यांना एक कागद लिहून दिला आहे, तो कपाटाला आतून चिकटवलाय. ताप, उलट्या, झोपाळूपणा, पोटात दुखणं, नळीच्या वाटेवर लाली, किंवा चाल पुन्हा पहिल्यासारखी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. डोक्यावर आपटून पडले तर काही होत नसलं तरी यायचं. कुठेही एमआरआय काढायचा झाला तर आधी व्हॉल्व्हचं कार्ड दाखवायचं आणि नंतर सेटिंग तपासून घ्यायचं, कारण मशीनच्या चुंबकाने काही व्हॉल्व्हचा दाब बदलू शकतो. आणि महिन्यातून एकदा सोप्यात आखलेल्या पट्टीवर सुनेने पावलं मोजून वहीत लिहायची. गेल्या महिन्यात तेवीसच होती. पुढची तपासणी ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर ठेवली आहे, त्याआधी आप्पा यायला तयार नाहीत.